समोरचा सोंग घेऊन उभा असतो तेव्हा: अमेरिकन फुटबॉलमधल्या छुप्या ब्लिट्झला उत्तर



या आठवड्याच्या व्हिडिओत फळ्यावर गोल आणि फुल्या काढून जे दाखवलं, ते इथे सावकाश लिहून काढतोय. वही जवळ ठेवा, कारण मध्ये थोडी आकडेमोड आहे.

विषय आहे अमेरिकन फुटबॉल. आपण पायाने खेळतो तो नव्हे. अंडाकृती चेंडू, हेल्मेट, खांद्यावर पॅड, तो. त्यांची सुपर बोलची फायनल आपल्याकडे सोमवारी पहाटे पाचच्या सुमारास लागते, त्यामुळे इथे फार कोणी बघत नाही. अमेरिकेत तुमचं कोणी असेल तर त्या दिवशी ते फोन उचलत नाहीत, एवढं मात्र माहीत असेल.

खेळातून ‘जोश’ शिकवणारे खूप आहेत, मी त्यातला नाही. मला या खेळातली एक गोष्ट कामाची वाटते. इथे प्रत्येक डावाला समोरचा माणूस मुद्दाम खोटं चित्र उभं करतो, तुमच्याकडे ४० सेकंद असतात, आणि तरीही निर्णय घ्यावाच लागतो. ‘अजून माहिती येऊ दे, मग बघू’ असं म्हणता येत नाही. आपल्यालाही बऱ्याचदा येत नाही.

आधी खेळ समजून घेऊ

दोन्हीकडे ११-११ खेळाडू. चेंडू ज्याच्याकडे तो ऑफेन्स, अडवणारा तो डिफेन्स. ऑफेन्सला चार प्रयत्नांत १० यार्ड पुढे जायचं असतं. प्रत्येक प्रयत्नाला डाऊन म्हणतात. चौथा प्रयत्न बहुतेक वेळा चेंडू लांब लाथाडण्यात किंवा तीन गुणांच्या फील्ड गोलमध्ये जातो. म्हणजे खरी परीक्षा तिसऱ्या डाऊनला.

ऑफेन्सच्या ११ जणांत एक क्वार्टरबॅक, म्हणजे डाव चालवणारा. त्याच्यासमोर पाच धिप्पाड लाइनमन, त्यांचं काम त्याला वाचवणं. मधल्या लाइनमनला सेंटर म्हणतात, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, आणि टोकांना टॅकल. उरलेले पाच जण पास झेलू शकतात. सेंटर चेंडू मागे देतो त्या क्षणाला स्नॅप म्हणतात. स्नॅपनंतर क्वार्टरबॅकला साधारण अडीच-तीन सेकंद मिळतात.

डिफेन्स नेहमी चार जण क्वार्टरबॅकवर धाडतो आणि सात जण मागे पास अडवायला ठेवतो. चारापेक्षा जास्त धाडले की तो ब्लिट्झ. आता हिशोब बघा. सहा जण आले आणि अडवणारे पाचच असले, तर एक जण मोकळा येणार. पण सहा आले म्हणजे मागे पाचच उरले, आणि झेलणारेही पाच. प्रत्येकावर एकच माणूस, मदतीला कोणी नाही. ब्लिट्झ म्हणजे डिफेन्सनेही उधारीवर घेतलेली जोखीम आहे, हे पक्कं डोक्यात ठेवा.

उघड ब्लिट्झ असेल तर चांगल्या क्वार्टरबॅकला ती आवडते. तो मोजतो, कुठे माणूस कमी आहे ते बघतो आणि झटकन चेंडू टाकतो. म्हणून डिफेन्सवाल्यांनी सोंग काढलं: रेषेवर सहा जण उभे करायचे, सगळे येणार असं दाखवायचं, आणि स्नॅप झाल्यावर त्यातले दोघे मागे पळायचे. किंवा उलट, कोणीच येणार नाही असं दाखवायचं आणि कडेचा कॉर्नरबॅक अचानक घुसवायचा.

वॉर्नरचा तो पास

१ फेब्रुवारी २००९, टॅम्पा, सुपर बोल. पिट्सबर्ग स्टीलर्स विरुद्ध ॲरिझोना कार्डिनल्स. पहिला अर्धा संपायला १८ सेकंद होते. स्टीलर्स १०-७ ने पुढे, पण चेंडू कार्डिनल्सकडे आणि गोलरेषा अगदी हाताच्या अंतरावर. टचडाऊन झाला असता तर कार्डिनल्स आघाडी घेऊन आत गेले असते.

स्टीलर्सनी जोरदार ब्लिट्झ दाखवली. क्वार्टरबॅक कर्ट वॉर्नरने पुस्तकात लिहिलंय तेच केलं: दबाव दिसला, झटकन आतल्या बाजूला छोटा पास. पण स्टीलर्सचा जेम्स हॅरिसन येतोय असं दाखवून मागे सरकला होता आणि नेमका त्या पासच्या वाटेत उभा होता. खरं तर आखलेल्या डावाप्रमाणे त्याने धावून यायचं होतं. त्याने स्वतःच्या अंदाजाने मागे राहायचं ठरवलं. चेंडू त्याच्या हातात आला आणि तो १०० यार्ड पळत दुसऱ्या टोकाला गेला. १७-७. सामना स्टीलर्सनी २७-२३ ने जिंकला. शेवटचा फरक चार गुणांचा, हे लक्षात घ्या.

त्या वेळी स्टीलर्सचा डिफेन्स चालवत होते डिक लबो. १९८० च्या दशकात सिनसिनाटी बेंगल्समध्ये असताना त्यांनी झोन ब्लिट्झ नावाची पद्धत विकसित केली. विचार साधा होता. दबाव आला की क्वार्टरबॅक चेंडू कुठे टाकतो? जिथून माणूस निघून आला, त्या रिकाम्या जागेत. मग ती जागा रिकामी आहे असं फक्त *दाखवायचं*, आणि तिथे दुसराच कोणीतरी, कधी कधी तर १३० किलोचा लाइनमन, नेऊन उभा करायचा. म्हणजे सापळा क्वार्टरबॅकच्या चुकीसाठी नव्हता, त्याच्या बरोबर उत्तरासाठी लावलेला होता.

म्हणून ‘दबाव दिसला की लवकर पास टाका’ हा अर्धाच सल्ला आहे. उरलेला अर्धा खाली.

अंदाज बांधू नका, आधी दाखवायला लावा

नवीन क्वार्टरबॅकची धडपड असते समोरच्याच्या मनात काय चाललंय ते ओळखायची. मुरलेला क्वार्टरबॅक तो नाद सोडतो आणि समोरच्याला पत्ते उघडायला भाग पाडतो. त्याची तीन-चार साधनं आहेत.

पहिलं, आवाज. क्वार्टरबॅक ओरडून इशारा देतो आणि त्यावर स्नॅप होतो. खोटा इशारा जोरात दिला की घुसायला टपलेला माणूस अर्धं पाऊल पुढे टाकतो. त्याचं गुपित फुटलं. आता क्वार्टरबॅक थांबतो, डाव बदलतो आणि मग खरा इशारा देतो. डेन्व्हरचा पेटन मॅनिंग यात उस्ताद. जानेवारी २०१४ मध्ये सॅन दिएगोविरुद्धच्या प्लेऑफ सामन्यात तो ‘ओमाहा’ हा शब्द तब्बल ४४ वेळा ओरडला होता, आणि सॅन दिएगोचे खेळाडू पाच वेळा वेळेआधी उडी मारून दंड भरून बसले. प्रत्येक वेळी पाच यार्ड फुकट.

दुसरं, हालचाल. स्नॅपच्या आधी एका झेलणाऱ्याला या टोकाकडून त्या टोकाकडे चालवायचं. समोरचा एक माणूस त्याच्या मागे पळाला, तर बहुधा माणसाला माणूस लावलाय. कोणीच हललं नाही, नुसते जागेवर थोडे सरकले, तर जागा वाटून घेतल्यात. ‘बहुधा’ म्हटलं, कारण हुशार डिफेन्स इथेही नाटक करतो. तरी शंभर प्रश्नांतले पन्नास कमी झाले.

तिसरं, वेळ. हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं. सोंग घालायला वेळ लागतो, उतरवायलाही लागतो. जो सेफ्टी पुढे येऊन ब्लिट्झ दाखवतोय पण ज्याला प्रत्यक्षात मागचा अर्धा भाग सांभाळायचाय, त्याला स्नॅपनंतर पाठ फिरवून १०-१२ यार्ड पळावं लागणार. ही त्या सोंगाची किंमत. म्हणून ऑफेन्सने कधी घाईने स्नॅप घ्यायचा, म्हणजे तो चुकीच्या जागी सापडतो. कधी घड्याळ संपेपर्यंत थांबायचं, म्हणजे ज्याला खरंच घुसायचंय त्याला हलावंच लागतं. रोज एकाच ठेक्यात स्नॅप घेणाऱ्या क्वार्टरबॅकला कोणीही फसवेल, कारण सोंग नेमकं कधी उतरवायचं ते त्यानेच सांगून ठेवलेलं असतं.

इथे एक नियम माहीत असू द्या. एनएफएलमध्ये कोच क्वार्टरबॅकशी हेल्मेटमधल्या स्पीकरवरून बोलतो, पण घड्याळात १५ सेकंद उरले की तो आवाज आपोआप बंद होतो. आणि डिफेन्स खरी हालचाल करतो ती नेमकी त्यानंतर. म्हणजे ज्या क्षणी सल्ल्याची गरज सगळ्यात जास्त, त्या क्षणी सल्लागार लाइनवर नसतो. मैदानावर जे करायचं त्याचे नियम आठवडाभर आधी सरावात ठरलेले असावे लागतात.

आपल्याकडे बघा. समजा तुम्ही चिवडा-फरसाणचं पॅकिंग करून एका मोठ्या दुकानसाखळीला माल देणार आहात. खरेदीवाला गोड बोलतोय, ‘पेमेंटचं काय, होऊन जाईल.’ हे सोंग आहे की खरं, यावर रात्रभर डोकं चालवून काही निघत नाही. कच्चा माल भरायच्या आधी लेखी पीओ मागा, त्यात पेमेंटचे दिवस आणि परत येणाऱ्या मालाचा नियम लिहून मागा. तो लिहून देतो की विषय बदलतो, ते बघा. त्याचं अर्धं पाऊल तिथेच दिसतं. आणि हे मालाचा ट्रक निघायच्या आधी बघायचं, नंतर नाही.

संरक्षण माणसाचं नाही, जागेचं

आता वही उघडा. रेषेवर डिफेन्सचे सहा जण उभे, तीन डावीकडे, तीन उजवीकडे. आपले लाइनमन पाच. सेंटरने डावीकडे मदत करायचं ठरवलं, म्हणजे डावीकडे आपले तीन आणि उजवीकडे दोन.

स्नॅप झाला. डावीकडचे दोघे मागे पळाले, एकच आला. उजवीकडचे तिन्ही आले. एकूण आले चारच! आपल्याकडे पाच जण होते. तरी डावीकडे तिघे मिळून एकाला धरून बसलेत, उजवीकडे दोघांच्या वाट्याला तिघे, आणि एक जण मोकळा क्वार्टरबॅकच्या छातीवर. मागे पास अडवायला सात जण शाबूत. याला सिम्युलेटेड प्रेशर म्हणतात, म्हणजे ब्लिट्झचा भास. गेल्या काही वर्षांत याचं पेव फुटलंय. मिनेसोटा वायकिंग्जचा डिफेन्स २०२३ पासून सांभाळणारे ब्रायन फ्लोरेस तर एका डावात सहा-सात जण पाठवतात आणि पुढच्याच डावात, तशाच मांडणीतून, तिघेच पाठवून आठ जण मागे ठेवतात.

गडबड माणसांच्या संख्येत नाही, वाटपात आहे. उत्तरही वाटपातच. सेंटर डावीकडे सरकणार असेल, तर क्वार्टरबॅकजवळ उभा असलेला रनिंग बॅक उजवीकडे पाहणार, हे आधीच ठरलेलं हवं. आणि त्याने बघायचं आतून बाहेर: आधी मधली फट, मग कडेची. कारण मधून येणाऱ्याची वाट सगळ्यात छोटी. कडेने येणाऱ्याला वळसा पडतो, तेवढ्यात चेंडू सुटू शकतो. रनिंग बॅकच्या वाट्याला कोणी आलंच नाही, तर त्याने तिथे ताटकळायचं नाही, बाहेर पडून छोटा पास झेलायला तयार राहायचं.

आणखी एक गोष्ट. ‘तू ५४ नंबरला धर’ अशी वाटणी सोंगापुढे टिकत नाही. ५४ नंबर मागे पळाला की धरणारा हवेत हात मारत राहतो. ‘तू ही फट सांभाळ, इथून जो येईल तो तुझा’ ही वाटणी टिकते. यात कधी कधी छोट्या चणीच्या रनिंग बॅकसमोर धिप्पाड गडी येतो, हा तोटा आहेच. पण मोकळा माणूस येण्यापेक्षा अडखळत येणारा बरा.

आणि तरीही कधीतरी ते सातवा माणूस पाठवतीलच. तो कोणी धरायचा? कोणीच नाही. तो क्वार्टरबॅकचा स्वतःचा हिशोब. त्याला चेंडू सोडूनच हरवायचं असतं. हे आधी माहीत असलं की मोकळा माणूस अंगावर येताना दिसला तरी क्वार्टरबॅक गांगरत नाही. यादीत त्याचं नाव होतंच.

चेंडू कुठे टाकायचा

दबाव आला की लगेच टाकायच्या पासला हॉट म्हणतात. वॉर्नरचा पास हॉटच होता. मग फरक कुठे करायचा?

जागा रिकामी ‘असणार’ असं धरून चालायचं नाही. चेंडू सोडायच्या आधी नजर एकदाच त्या जागेवर टाकायची: निघून गेलेल्याच्या बदल्यात कोणी आलंय का? यासाठी जेमतेम अर्धा सेकंद असतो, म्हणून सरावात एकाच माणसावर नजर ठेवायला शिकवतात. तो आला तर चेंडू त्याच्या मागे, तो थांबला तर चेंडू दुसरीकडे. दोन उत्तरं, दोन्ही आधी ठरलेली. दोन्ही बंद असतील तर जवळच्या झेलणाऱ्याच्या पायाशी चेंडू आपटायचा. नियमात बसतं, एक डाऊन वाया जातो, बस. लोक याला भित्रेपणा म्हणतात. मला तो या सगळ्यातला सगळ्यात व्यावसायिक निर्णय वाटतो. टॅम्पात चेंडू जमिनीवर आपटला असता, तर कार्डिनल्सकडे निदान फील्ड गोलचे तीन गुण घ्यायला वेळ शिल्लक होता.

लवकर टाकणं पुरेसं नसतं, याचं ताजं उदाहरण फेब्रुवारी २०२४ च्या सुपर बोलचं. सामना १६-१६ बरोबरीत, शेवटची दोन मिनिटं, सॅन फ्रान्सिस्कोचा तिसरा डाऊन, पाच यार्ड हवेत. कॅन्सस सिटीचे डिफेन्स कोच स्टीव्ह स्पॅग्नोलो यांनी ट्रेंट मॅकडफी या कॉर्नरबॅकला घुसवलं. तो मोकळा आला. क्वार्टरबॅकने पास लवकर सोडलाही, पण तो मॅकडफीच्या हाताला लागला. पाच यार्ड मिळाले असते तर घड्याळ बरंचसं खाऊन टाकता आलं असतं. त्याऐवजी तीन गुणांवर समाधान मानावं लागलं, कॅन्ससने बरोबरी साधली आणि जादा वेळेत २५-२२ ने सामना नेला. चेंडू ज्या वाटेने जाणार त्याच वाटेने माणूस येत असेल, तर वेग कामी येत नाही. पास उलट्या बाजूला जायला हवा, किंवा येणाऱ्याच्या डोक्यावरून.

मूळ मांडणीतच उत्तर

आत्तापर्यंतचं सगळं प्रतिक्रियेचं झालं. पण काही वेळा डाव सुरू व्हायच्या आधीच समोरच्याला अडचणीत टाकता येतं.

१९८५ चा शिकागो बेअर्स संघ. बडी रायन यांचा ‘४६’ डिफेन्स, रेषेवर गर्दी करून चिरडणारा. पहिले १२ सामने जिंकले. २ डिसेंबरला मायामीत गेले आणि ३८-२४ हरले. त्या मोसमातला त्यांचा एकमेव पराभव. मायामीचे कोच डॉन शुला यांनी तिसरा झेलणारा मैदानात उतरवला आणि नॅट मूरला आतल्या बाजूला उभं केलं. आता बेअर्सला एक तर गर्दीतला माणूस काढून चपळ माणूस आणावा लागणार, नाहीतर लाइनबॅकरला मूरच्या मागे पळवावं लागणार. रायन यांनी गर्दी काढली नाही. क्वार्टरबॅक डॅन मरीनोचा हात विजेसारखा, तो चेंडू हातात ठेवतच नव्हता. पहिल्या अर्ध्यातच मायामीचे ३१ गुण झाले.

बेअर्सचा डिफेन्स काही वाईट नव्हता. पुढे त्यांनी सुपर बोल ४६-१० असा लुटला. पण शुलांनी जी मांडणी केली, तिच्यात सोंगाला जागाच उरली नाही. झेलणारे लांब-लांब पसरले की त्यांच्यावरच्या माणसांनाही लांब जावं लागतं. रेषेवर खोटी गर्दी करायला मग माणसं उरत नाहीत, आणि जे उरतात ते मोजता येतात.

याची किंमतही आहे. पाचही जण पसरले की क्वार्टरबॅकपाशी फक्त पाच लाइनमन. सहावा आला तर तो मोकळाच. म्हणून ज्याचा हात जलद नाही त्याने हे मरीनोचं बघून करू नये. त्याने टाइट एंड आणि रनिंग बॅक दोघांनाही जवळ ठेवून सात जणांची भिंत करावी आणि दोन-तीन झेलणाऱ्यांवरच काम भागवावं. कमी मिळेल, पण मिळेल. दोन्ही मार्ग बरोबर आहेत. मध्येच लटकणं मात्र वाईट. सहा जणांची भिंत आणि सावकाश उलगडणारा लांब पास, हे मिश्रण डिफेन्सच्या सगळ्यात आवडीचं.

आता सराव

यूट्यूबवर कुठल्याही एनएफएल सामन्याचा तिसरा डाऊन काढा. स्नॅपच्या एक सेकंद आधी व्हिडिओ थांबवा. रेषेवर किती जण उभे आहेत ते मोजा, मागे सेफ्टी किती आणि किती लांब ते बघा. वहीत लिहा: किती येतील, कुठून येतील, मोकळा आला तर चेंडू कुठे. मग चालू करा. असे दहा डाव करा आणि ‘किती येतील’ हे किती वेळा चुकलं त्याकडे फार लक्ष देऊ नका. ते चुकणारच, त्यांचं सोंगच त्यासाठी असतं. तुमचं तिसरं उत्तर, चेंडू कुठे, ते तुमचा अंदाज चुकूनही किती वेळा चाललं, ते मोजा. सुरुवातीला नजर चेंडूवरच खिळेल. सहाव्या-सातव्या डावापासून ती आपोआप मागच्या सेफ्टीकडे जायला लागते.